द्रवरूप अल्कोहोलवर चालणारे पॅसिव्ह फ्युएल सेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंप नाही, पंखा नाही, हलणारा एकही भाग नाही. टाकीत मिथेनॉलचं पातळ द्रावण ओतलं आणि दुसरी बाजू हवेला उघडी ठेवली की वीज मिळू लागते. हे पहिल्यांदा बघितलं की प्रश्नांची रांगच लागते. मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना जागा लागते. इंधन पटलातून पलीकडे झिरपण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. घाईत असाल तर आधी तोच वाचा.

पॅसिव्ह म्हणजे नेमकं काय?

फ्युएल सेलला इंधन आणि हवा सतत लागते. मोठ्या यंत्रणेत पंप इंधन ढकलतो, पंखा हवा आणतो, हीटर तापमान सांभाळतो. त्यांना ॲक्टिव्ह म्हणतात. पण पंप आणि पंखा वीज खातात. सेल एक-दोन वॅटचाच असेल तर त्यातला मोठा वाटा त्यांच्याच पोटात जातो. पॅसिव्ह सेलमध्ये हे सगळं काढून टाकलेलं असतं. इंधन गुरुत्वाने, केशाकर्षणाने आणि विसरणाने आत पोचतं, हवा आपोआप खेळते, तयार झालेला वायू स्वतःच वर निघून जातो. पंपाने करायची कामं आता कार्बनच्या कागदाला, पटलाला आणि भोकांच्या आकाराला करावी लागतात. म्हणूनच दिसायला सोपा असलेला हा सेल जमवायला अवघड आहे.

आत काय घडतं?

मधोमध एक प्लास्टिकसारखं पटल असतं, बहुधा नाफिऑनचं. ते प्रोटॉन जाऊ देतं, इलेक्ट्रॉन अडवतं. इंधनाच्या बाजूला अ‍ॅनोड, हवेच्या बाजूला कॅथोड. अ‍ॅनोडवर मिथेनॉलचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, 6 प्रोटॉन आणि 6 इलेक्ट्रॉन देतात. प्रोटॉन पटलातून जातात, इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घालावा लागतो आणि तो वळसा म्हणजेच आपली वीज. कॅथोडवर हवेतला ऑक्सिजन, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन पाणी तयार होतं.

शब्दांबद्दल एक सूचना. शाळेच्या पुस्तकात अ‍ॅनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते बरोबर बसतं. फ्युएल सेलमध्ये मात्र अ‍ॅनोड हे ऋण टोक असतं आणि कॅथोड धन. धनाग्र म्हटलं की माणूस हमखास मल्टिमीटरची लाल तार चुकीच्या बाजूला लावतो. त्यामुळे मी इथे अ‍ॅनोड आणि कॅथोडच म्हणणार आहे.

हायड्रोजन असताना अल्कोहोल कशाला?

कारण ते बाटलीत राहतं. एक लिटर द्रव मिथेनॉलमध्ये सुमारे 99 ग्रॅम हायड्रोजन असतो, तर उणे 253 अंशांना थंड केलेल्या एक लिटर द्रव हायड्रोजनमध्ये सुमारे 71 ग्रॅम. साध्या तापमानाला, साध्या दाबाला, झाकण लावून ठेवता येणाऱ्या इंधनात जास्त हायड्रोजन मावतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. ऊर्जेच्या हिशेबात मिथेनॉल किलोमागे सुमारे 6.1 किलोवॅट-तास आणि लिटरमागे सुमारे 4.8 किलोवॅट-तास देऊ शकतं. इथेनॉलचे आकडे किलोमागे 8 आणि लिटरमागे 6.3 आहेत. चांगली लिथियम-आयन बॅटरी किलोमागे 0.25 च्या आसपास असते.

पण हे आकडे इंधनाचे आहेत, यंत्राचे नाहीत. पुढचे सगळे प्रश्न या फरकातून निघतात.

पुस्तकात 1.21 व्होल्ट लिहिलंय, माझा सेल 0.35 च का देतो?

तुमचा सेल चांगला चालतोय. 1.21 व्होल्ट हा ऊष्मागतिकीने ठरवलेला कमाल आकडा आहे. प्रत्यक्षात कॅथोडवर ऑक्सिजनची क्रिया संथ असते, अ‍ॅनोडवर मिथेनॉलची त्याहून संथ, आणि झिरपून गेलेलं मिथेनॉल कॅथोडलाच मागे ओढतं. भार न लावता मोजलं तरी पॅसिव्ह मिथेनॉल सेल 0.6 ते 0.7 व्होल्टच्या आसपासच दाखवतो. भार लावल्यावर 0.3 ते 0.4 व्होल्टवर काम होतं.

आता हिशेब करू. 0.35 ला 1.21 ने भागलं की 29 टक्के येतात. ओतलेल्या मिथेनॉलपैकी 70 टक्के खरोखर वीज करून गेलं आणि बाकीचं झिरपून वाया गेलं असं धरलं, तर एकूण कार्यक्षमता 20 टक्क्यांवर येते. म्हणजे एक मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलमागे साधारण एक वॅट-तास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, आणि सगळे त्याच्याच मागे का लागलेले असतात?

नाफिऑनला प्रोटॉन वाहून न्यायला पाणी लागतं. ओल्या नाफिऑनच्या आत पाण्याच्या अतिसूक्ष्म वाटा तयार होतात. मिथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतं, त्यामुळे पाणी जाईल तिथे मिथेनॉल जातं. प्रोटॉनसाठी उघडलेल्या वाटेनेच इंधनही पलीकडे पोचतं, यालाच क्रॉसओव्हर म्हणतात. त्यातलं काही संहतीच्या फरकामुळे विसरणाने जातं, काही प्रोटॉनच्या ओढीने पाण्याबरोबर वाहत जातं.

पलीकडे पोचलेलं मिथेनॉल दुहेरी नुकसान करतं. पहिलं म्हणजे ते कॅथोडवर उत्प्रेरक म्हणून असलेल्या प्लॅटिनमवर सरळ ऑक्सिजनशी जळून जातं, त्या इंधनातून वीज मिळतच नाही. दुसरं, त्याच जागी एकाच वेळी दोन उलट क्रिया चालल्याने कॅथोडचा व्होल्टेज खाली येतो. भार न लावता ठेवलेला सेलही जरा वेळाने कोमट का लागतो, याचं उत्तर हेच आहे. तारेतून काहीच वाहत नसताना आतल्या आत इंधन जळत असतं.

उपाय काय? जाड पटल घेतलं तर झिरपणं कमी होतं, पण रोध वाढतो. मिथेनॉल सेलमध्ये 0.18 मिलिमीटरचं नाफिऑन 117 इतकं वापरतात ते या तडजोडीमुळेच. हायड्रोजनच्या सेलमध्ये याच्यापेक्षा कितीतरी पातळ पटल चालतं. सल्फोनेटेड पॉलिईथर ईथर कीटोनसारखी हायड्रोकार्बन पटलं मिथेनॉलला जास्त अडवतात, मात्र प्रोटॉनही थोडे जपूनच सोडतात. माझ्या मते पॅसिव्ह सेलमध्ये पटल बदलण्याआधी इंधन पटलापर्यंत किती वेगाने पोचतं, तिकडे लक्ष द्यावं. टाकी आणि अ‍ॅनोड यांच्यामध्ये एक सच्छिद्र अडसर बसवला, तर क्रियेत खर्च होईल तेवढंच इंधन पुढे जातं आणि झिरपायला उरतच नाही. हा मार्ग स्वस्त आहे आणि बऱ्याचदा पुरतो.

द्रावण किती संहत ठेवायचं?

द्रव इंधनावरच्या साध्या पॅसिव्ह सेलला 3 ते 5 मोलर, म्हणजे एक लिटर द्रावणात 3 ते 5 मोल मिथेनॉल. पंपाच्या सेलमध्ये एक मोलरच्या आसपास ठेवतात, मग इथे इतकं जास्त का, असा प्रश्न बरोबर आहे. पॅसिव्ह सेलमध्ये इंधन विसरणाने पोचत असल्यामुळे ते थोडं दाट लागतं, हे एक कारण. दुसरं कारण जास्त रंजक आहे. झिरपलेलं मिथेनॉल जळून जी उष्णता निघते, तिने सेल तापतो आणि तापला की दोन्ही क्रिया जलद होतात. काही मर्यादेपर्यंत झिरपण्याचा तोटा ही ऊब भरून काढते. त्या पलीकडे गेलात की व्होल्टेज पडायला लागतो.

3 मोलरसाठी एक लिटरच्या मापन चंबूत 122 मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल घेऊन खुणेपर्यंत पाणी भरा. पाणी आयनमुक्त हवं. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन पटलात प्रोटॉनच्या जागा अडवून बसतात.

मग शुद्ध मिथेनॉलच का नाही भरायचं?

भरता येतं, पण द्रव म्हणून नाही, वाफ म्हणून. टाकी आणि अ‍ॅनोडमध्ये द्रव अडवणारं, वाफ सोडणारं पटल बसवतात. मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं, त्यामुळे साध्या तापमानालाही त्याची पुरेशी वाफ होते.

अडचण पाण्याची येते. अ‍ॅनोडवर मिथेनॉलच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू लागतो. पातळ द्रावणात पाणी उदंड असतं. शुद्ध मिथेनॉलमध्ये नसतं, आणि उलट प्रत्येक प्रोटॉन जाताना पाण्याचे दोन-तीन रेणू सोबत ओढून नेतो. त्यामुळे कॅथोडवर तयार झालेलं पाणी परत अ‍ॅनोडकडे ढकलावं लागतं. त्यासाठी कॅथोडमागे कार्बनची भुकटी आणि टेफ्लॉन यांचा दाट, पाण्याला दूर ठेवणारा थर देतात. पाण्याला बाहेरची वाट अवघड झाली की ते पटलातून मागे फिरतं. पंप न वापरता पाणी उलट्या दिशेला नेणारा हा थर केसाइतकाही जाड नसतो. या विषयातलं मला सर्वात आवडणारं काम हेच.

यावर फोन चार्ज होईल?

होईल, पण आकडे बघा. 5000 मिलिअँपिअर-तासांच्या फोनच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास मावतात. व्होल्टेज वाढवताना आणि चार्ज करताना होणारी गळती धरून 24 वॅट-तास लागतील असं समजू. वरच्या हिशेबाने 25 मिलिलिटर शुद्ध मिथेनॉल पुरेल. पण तेच मिथेनॉल 3 मोलर द्रावणातून द्यायचं तर 205 मिलिलिटर भरावं लागेल. म्हणजे फोनसोबत पेलाभर पाणी वागवायचं. शिवाय द्रावण पातळ होत जाईल तसा सेल मंदावतो, शेवटचा भाग नीट वापरता येत नाही.

क्षेत्रफळही बघा. पॅसिव्ह सेल साध्या तापमानाला चौरस सेंटिमीटरमागे 20 ते 40 मिलिवॅट देतो. 25 धरले तर 5 वॅटसाठी 200 चौरस सेंटिमीटर लागतील. म्हणजे 14 सेंटिमीटर बाजूचा चौरस, तोही हवेला उघडा. खिशात ठेवला तर गुदमरणार. म्हणून मी नेहमी सांगतो की पॅसिव्ह सेलकडून जास्त वॅट मागू नका, जास्त तास मागा. दूरवर ठेवलेला संवेदक, पाणीपातळी नोंदवणारं यंत्र, काही मिलिवॅटवर महिनोन्महिने चालणारं उपकरण, इथे त्याचं खरं काम आहे.

इथेनॉल विषारी नाही, ऊर्जाही जास्त देतं. मग तेच का वापरत नाहीत?

कागदावर इथेनॉल सरस आहे. एका रेणूतून 12 इलेक्ट्रॉन, व्होल्टेज 1.14 च्या आसपास, आणि नाफिऑनमधून झिरपतंही कमी. अडतं ते एकाच ठिकाणी. इथेनॉलमध्ये दोन कार्बन एकमेकांना जोडलेले असतात आणि साध्या तापमानाला तो बंध तोडणं प्लॅटिनमला जमत नाही. क्रिया अर्ध्यातच थांबते. ॲसिटाल्डिहाइडपर्यंत गेली तर 2 इलेक्ट्रॉन मिळतात, ॲसिटिक आम्लापर्यंत गेली तर 4. उरलेली ऊर्जा आम्लाच्या रूपात टाकीतच राहते. इथेनॉलचा सेल बराच वेळ चालवून टाकी उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो. बारापैकी आठ इलेक्ट्रॉन हाती न लागल्याचा तो वास.

प्लॅटिनमसोबत कथील घेतलं तर वेग वाढतो, बंध मात्र फारसा तुटत नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या गटाने प्लॅटिनम, ऱ्होडियम आणि टिन ऑक्साइड यांच्या उत्प्रेरकावर साध्या तापमानाला हा बंध तुटत असल्याचं दाखवलं. अल्कधर्मी माध्यमात पॅलेडियमवर इथेनॉल चांगलं चालतं, तरी तिथेही गाडी बहुतेक ॲसिटेटवरच थांबते.

दुकानातलं स्पिरिट किंवा हँड सॅनिटायझर ओतलं तर?

नको. स्पिरिट पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात कडू आणि इतर पदार्थ मिसळलेले असतात, सॅनिटायझरमध्ये जेल आणि ग्लिसरीन. हे उत्प्रेरकावर आणि सच्छिद्र थरात बसून राहतात, आणि धुऊनही सेल पूर्ववत होईल याची खात्री नसते.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, इथिलीन ग्लायकॉल, ग्लिसरॉल?

आयसोप्रोपिल सुरुवातीला छान व्होल्टेज देतं, मिथेनॉलपेक्षाही जास्त. पण 18 पैकी फक्त 2 इलेक्ट्रॉन देऊन ॲसिटोन होतं आणि ते ॲसिटोन उत्प्रेरकाला चिकटून राहतं. थोड्याच वेळात सेल ढेपाळतो. इथिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरॉल अल्कधर्मी सेलमध्ये जास्त शोभतात. ग्लायकॉल विषारी आहे हे विसरू नका.

अ‍ॅनोडला रुथेनियम कशासाठी?

मिथेनॉलचं ऑक्सिडीकरण होताना मध्येच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि प्लॅटिनमला घट्ट धरून बसतो. त्याला हटवायला ऑक्सिजन असलेला गट लागतो. पाण्यातून असा गट काढणं प्लॅटिनमला कमी व्होल्टेजला जमत नाही, रुथेनियमला जमतं. शेजारी बसलेलं रुथेनियम तो गट पुरवतं आणि प्लॅटिनमवरचा मोनॉक्साइड डायऑक्साइड होऊन सुटतो. वातानाबे आणि मोतू या जपानी संशोधकांनी 1975 मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही पाया मानलं जातं. पॅसिव्ह सेलमध्ये चौरस सेंटिमीटरमागे 2 ते 4 मिलिग्रॅम इतका धातू घालतात. किंमत वर जाते ती इथेच.

सेल वीस मिनिटं छान चालतो, मग व्होल्टेज घसरतो. बिघडला का?

बहुधा बुडाला आहे. माझ्याकडे एक सेल असाच वागायचा. द्रावण बदललं, तारा बदलल्या, पटलावर संशय घेतला. शेवटी उचलून खालून बघितलं तर कॅथोडच्या जवळजवळ प्रत्येक भोकावर पाण्याचा एक टपोरा थेंब बसलेला. मी तो कॅथोड खाली करून टेबलावर ठेवत होतो, हवा खेळायला जागाच नव्हती. गाळणकागदाने थेंब टिपले, सेल उभा केला, आणि मल्टिमीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत वर चढला. तेव्हापासून सेल कसा ठेवला आहे ते मी सर्वात आधी बघतो.

कॅथोडचा कार्बन कागद टेफ्लॉन दिलेलाच घ्या आणि भोकं फार लहान ठेवू नका. खूप मोठी केलीत तर विद्युतसंपर्क कमी होतो आणि पटल सुकतं, तेव्हा हे करून बघूनच ठरवावं लागतं.

टाकीत बुडबुडे येतात, ते ठीक आहे का?

ठीकच. तो कार्बन डायऑक्साइड आहे, क्रिया चालू असल्याची खूण. ते चिकटून राहिले तरच त्रास, कारण तेवढी जागा इंधनाला बंद होते. सेल उभा ठेवला की सुटतात. टाकीला वायू जाण्यासाठी वाट हवीच. पूर्ण बंद टाकीत दाब वाढतो आणि इंधन पटलातून जास्त ढकललं जातं.

तांब्याची जाळी संपर्कासाठी चालेल?

नुसतं तांबं अजिबात नको. पटल तीव्र आम्लधर्मी असतं. मी एकदा घाईत उघडी तांब्याची जाळी लावली होती, काही दिवसांनी सेल उघडला तर पटलावर जाळीचा हिरवट ठसा उमटलेला. ते पटल टाकूनच द्यावं लागलं. सोन्याचा मुलामा दिलेलं स्टील, ग्रॅफाइट किंवा टायटॅनियम वापरा. मुलाम्याला ओरखडा नाही ना, हेही बघा.

जास्त व्होल्टेजसाठी सेल एकापुढे एक जोडले तर?

जोडावेच लागतात, किंवा एक-दोन सेलवर व्होल्टेज वाढवणारं सर्किट लावावं लागतं. धोका इतकाच की एका सेलचं इंधन आधी संपलं तर बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि तो उलटा होतो. मग अ‍ॅनोडवरचं रुथेनियम विरघळतं, कार्बनही झिजतो, आणि हे नुकसान भरून येत नाही. प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजण्याची सोय ठेवा.

हे किती धोकादायक आहे?

मिथेनॉलबद्दल बोलताना मी शब्द मवाळ करत नाही. पोटात गेलेलं मिथेनॉल शरीरात फॉर्मिक आम्ल बनतं आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालतं. थोड्या प्रमाणानेही दृष्टी जाऊ शकते, जीव जाऊ शकतो. लक्षणं उशिरा दिसतात, त्यामुळे कुणी प्यायलं असेल तर बरं वाटत असलं तरी ताबडतोब इस्पितळात न्या. ते त्वचेतूनही शोषलं जातं. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि 11-12 अंश तापमानालाच त्याची वाफ पेट घेऊ शकते. पाण्याच्या बाटलीत द्रावण कधीही ठेवू नका, लेबल लावलं असेल तरीही.

चालू सेलमधून फॉर्माल्डिहाइड आणि फॉर्मिक आम्लाचे अंशही बाहेर पडू शकतात. खिडकी उघडी ठेवा.

विमानात नेता येतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत 2007 पासून याला जागा आहे. इंधनाची डबी आयईसी 62282-6-100 या मानकाप्रमाणे असावी लागते, एका डबीत द्रव 200 मिलिलिटरपेक्षा जास्त नको, आणि सुट्या डब्या दोनच. घरी बनवलेला सेल यात बसत नाही. विमान कंपनीला आधी विचारा.

मग बाजारात का दिसत नाहीत?

प्रयत्न झाले. तोशिबाने 2009 मध्ये जपानमध्ये डायनारिओ नावाचा चार्जर 3000 नगांपुरता विकायला काढला. त्यात 14 मिलिलिटर संहत मिथेनॉल मावायचं आणि सेलला आधार म्हणून आत लिथियम-आयन बॅटरी होती. दरम्यान बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या आणि भिंतीवरचा सॉकेट सगळीकडे सापडू लागला, तर मिथेनॉलची डबी प्रत्येक दुकानात मिळत नव्हती. आज टिकून आहेत ते प्रामुख्याने पंप असलेले मोठे संच. जर्मनीतल्या एसएफसी एनर्जीचे एफॉय संच एका किलोवॅट-तासाला सुमारे 0.9 लिटर मिथेनॉल घेतात. आपण वर काढलेल्या हिशेबाशी हा आकडा किती जवळ आहे बघा.

बरेच दिवस वापरायचा नसेल तर कसा ठेवू?

टाकीत इंधन सोडून जाऊ नका. भार नसला तरी ते झिरपून संपतं आणि तोवर कॅथोडला त्रास देत राहतं. द्रावण काढा, आयनमुक्त पाण्याने दोन-तीनदा धुवा, टाकीत थोडं तेच पाणी ठेवा म्हणजे पटल सुकणार नाही, आणि कॅथोडवर सैलसर झाकण ठेवा. गोठणाऱ्या थंडीत मात्र पाणी ठेवू नका, बर्फाने थर सुटतात. पुन्हा सुरू करताना आधी पातळ, एक मोलरचं द्रावण घाला आणि हलका भार लावून तास-दोन तास चालू द्या. पहिल्या काही मिनिटांत आकडा कमी दिसला तर घाबरू नका, पटल भिजायला वेळ घेतं.